धान्य गणपतीत नको, संक्रांतीला गोळा करा
कॅनडातल्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
कॅनडातल्या सर्व मराठी मंडळांचे पदाधिकारी आणि सभासद,

सप्रेम नमस्कार.

कॅनडाच्या अगदी उत्तरेतल्या नुनावुत प्रदेशातल्या दुकानांतले दुधाचे, संत्र्यांचे, कलिंगडाचे भाव दर हिवाळ्यात आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतात. कुणीतरी रुपयांत गुणाकार करून टाकतं, खाली 'बापरे' येतं, आणि मग एखादा सभासद विचारतो, "आपल्या मंडळातर्फे काही पाठवता येईल का?" प्रश्न मनापासूनचा असतो. म्हणूनच हे पत्र लिहितो आहोत. आम्ही उत्तरेकडच्या मालवाहतुकीत, गोदामांत आणि दुकानांच्या हिशेबात काम करणारे काही मराठी लोक आहोत. फोटोतले भाव खरे असतात आणि मदतही जरूर पाठवता येते. पण आपल्या अन्नदानाच्या मोहिमा बहुतेक ठिकाणी गणपती-दिवाळीच्या सुमारास होतात, आणि तोवर त्या वर्षाची शेवटची जहाजं भरत आलेली असतात. मग गोळा झालेलं धान्य विमानानं जातं, आणि दहा डॉलरच्या पिठामागे त्याच्या कितीतरी पट भाडं जातं.

कोकणातल्या घरांतून आलेल्यांना हे लवकर समजेल. पाऊस लागला की बोटी बंद, म्हणून आगोटीच्या आधी चार महिन्यांची बेगमी करायची: तांदूळ, सुकी मासळी, पापड, सरपण. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राकडे बघायचं नाही. नुनावुतचं गणित तेच आहे, फक्त उलटं. तिथे समुद्र जेमतेम तीन-साडेतीन महिने उघडा असतो आणि बेगमी उरलेल्या आठ-नऊ महिन्यांची करावी लागते. आगोटीच्या आधी ज्याच्या हातात पैसा आणि घरात कणगी, त्याचा पावसाळा सुखाचा. बाकीच्यांनी पावसाभर वाण्याकडे पावशेर-पावशेर घ्यायचं, तेही चढ्या भावानं. महागाईच्या मुळाशी तिथेही हेच आहे.

आधी भूगोल थोडक्यात. 1 एप्रिल 1999 ला स्थापन झालेला हा प्रदेश महाराष्ट्राच्या सहापटीहून मोठा, आणि 2021 च्या जनगणनेत लोकसंख्या 36,858. एकूण 25 गावं. त्यांतल्या एकाही गावाला दक्षिणेतून रस्ता नाही, आणि आज लोक राहतात अशा कुठल्याही दोन गावांमध्येही नाही. रेल्वे नाही. वीज एका गावातून दुसऱ्या गावात जात नाही. प्रत्येक गावाचं स्वतःचं डिझेलवर चालणारं वीजघर, आणि त्याचं वर्षभराचं डिझेल उन्हाळ्यात टँकर जहाजानं येऊन किनाऱ्यावरच्या टाक्यांत भरलं जातं. दुकानाचा फ्रीज, गोदामातली ऊब, पाण्याचा ट्रक, सगळं त्या डिझेलवर. एका ब्रेडच्या किमतीत विमानाच्या भाड्याशिवाय हाही खर्च मिसळलेला असतो.

माल दोनच वाटांनी येतो. स्वस्त वाट जहाजाची, तिला सगळे सीलिफ्ट म्हणतात. पूर्वेकडची बहुतेक जहाजं क्वेबेकमधून, मॉन्ट्रियलजवळच्या बंदरांतून भरतात. पहिली साधारण जूनच्या शेवटी निघतात, शेवटची ऑक्टोबरपर्यंत उत्तरेत पोचतात. अगदी वरच्या ग्रीस फिऑर्डसारख्या गावाला, जिथे 2021 मध्ये 144 माणसं होती, वर्षातून बहुधा एकच फेरी मिळते. राजधानी इकालुइतला अलीकडे खोल पाण्याचं बंदर झालं. इतर बहुतेक गावांत अजूनही जहाज दूर नांगर टाकतं, माल बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या तराफ्यावर उतरतो, टग ही ओढणारी बोट तो भरतीच्या वेळी किनाऱ्याला लावतो आणि लोडर तो भरतीरेषेच्या वर नेऊन ठेवतो. ओहोटी लागली की काम थांबलं. वारा उठला की काम थांबलं. म्हणून वेळापत्रकात दिलेल्या तारखेला खोका हातात पडेलच असं कुणी धरत नाही.

जहाजाचं भाडं 'रेव्हेन्यू टना'वर असतं: 1,000 किलो किंवा अडीच घनमीटर, यांपैकी जे जास्त भरेल ते. पैसे वाचतात किंवा बुडतात ते इथेच. चार फूट लांब, तेवढाच रुंद आणि उंच प्लायवुडचा खोका घ्या. त्याचं आकारमान सुमारे 1.8 घनमीटर, म्हणजे भाड्याच्या हिशेबात 0.72 टन. तो नुसत्या डायपरांनी भरला तर वजन जेमतेम दोनशे किलो होईल, पण भाडं सव्वासातशे किलोंचं पडेल. नुसत्या पिठानं गच्च भरला तर वजन हजार किलोंच्या आसपास जाईल आणि भाडं वजनावर लागेल. प्रत्येक घनमीटरला साधारण 400 किलो बसले, की आकार आणि वजन दोन्ही सारखे होतात. म्हणून जाणकार माणसं तळाला मैदा, साखर, तांदूळ आणि डबाबंद माल लावतात, वर ओट्स, डायपर आणि टॉयलेट पेपर. कपडे धुण्याचा साबण पिठाच्या खोक्यात कधीच घालायचा नाही. दोन महिने बंद राहिल्यावर पिठाला साबणाचा वास लागतो आणि तो भाजल्यावरही जात नाही. ब्लीच, एरोसोलचे डबे, लायटर हा धोकादायक मालात मोडतो, तो वेगळा नोंदवावा लागतो. न सांगता घातला आणि सापडला तर अख्खा खोका मागे राहू शकतो.

आता मुख्य मुद्दा. जहाजाचं भाडं विमानाच्या मानानं फार कमी असताना सगळेच लोक वर्षाचा किराणा जहाजानं का मागवत नाहीत? कारण ऑर्डर वसंतात द्यावी लागते आणि पैसे तेव्हाच भरावे लागतात. सहा जणांच्या घरासाठी ही रक्कम हजारो डॉलरमध्ये जाते, तीही एकरकमी, बहुधा क्रेडिट कार्डावर. सरकारी नोकरी असलेल्याला हे जमतं. आमच्यासारख्या दक्षिणेतून गेलेल्यांना तर सहज जमतं, कारण पगारात उत्तरेचा भत्ता असतो, पुष्कळदा घरही मालकाच्या मदतीनं मिळतं, आणि आयकरात दिवसाला 22 डॉलरपर्यंत वजावट मिळते. ज्याचं करपात्र उत्पन्नच नाही त्याला ही वजावट शून्य. उन्हाळ्यात अधूनमधून काम आणि एरवी सरकारी मदतीवर चालणाऱ्या घरात एप्रिल महिन्यात शिल्लक कुठून असणार?

पैसे जमवले तरी ठेवणार कुठे? तीन खोल्यांत तीन पिढ्या राहतात, भिंतीला भिंत लावून गाद्या असतात. अंगणातल्या लोखंडी कंटेनरात ठेवावं तर थंडी उणे 30 च्या खाली जाते, डब्यातलं पाणी गोठून फुगतं, डब्याची शिवण उकलते, आणि वसंतात बर्फ वितळलं की आतला माल सडतो. म्हणजे साठवण ऊबदार हवी, आणि ऊब म्हणजे पुन्हा डिझेल. ज्या घराला स्वस्त वाटेची सगळ्यांत जास्त गरज, त्यालाच ती वाट बंद. ते घर वर्षभर विमानानं आलेल्या मालातलं थोडं थोडं विकत घेतं.

विमानाची वाट कशी आहे तेही बघा. ओटावाहून इकालुइत सुमारे 2,100 किलोमीटर, जेटनं तीन तास. तिथून पुढे लहान विमानं, कारण बहुतेक गावांच्या धावपट्ट्या खडीच्या आणि आखूड आहेत. रेझोल्यूट गावाहून ग्रीस फिऑर्डला तर ट्विन ऑटर हे छोटं विमान जातं. प्रत्येक बदलीच्या जागी माल उतरतो, थांबतो, पुन्हा चढतो. धुकं किंवा हिमवादळ आलं तर तीन दिवस थांबतो. केळ्यांना 13 अंशांच्या खालीसुद्धा इजा होते, साल करडी पडत काळी होते. उणे 35 मध्ये विमानाच्या दारापासून ट्रकपर्यंतची दहा मिनिटं त्यांना पुरतात. लेट्यूस गोठला की पाणी होतो. अंडी तडकतात. फेकलेल्या मालाचंही भाडं भरलेलं असतं, आणि ते उरलेल्या मालाच्या किमतीत जातं. दूध, रस, भाज्या यांत मुळात पाणीच जास्त, म्हणजे आपण विमानानं पाणी वाहतो.

यावर सरकार काहीच करत नाही असं नाही. 1 एप्रिल 2011 पासून न्यूट्रिशन नॉर्थ कॅनडा ही योजना आहे. त्याआधी टपाल खात्यामार्फत फूड मेल होती. न्यूट्रिशन नॉर्थमध्ये ठरावीक पदार्थांवर किलोमागे अनुदान मिळतं, गावागणिक दर वेगळा, आणि पैसे जातात दुकानदाराला किंवा पुरवठादाराला. त्यानं ते भावातून कमी करायचे, अशी अट आहे. पूर्ण कमी होतात का? 2014 मध्ये कॅनडाचे महालेखापरीक्षक मायकेल फर्ग्युसन यांनी स्पष्ट म्हटलं की अनुदान पूर्णपणे ग्राहकापर्यंत पोचतं की नाही हे खात्यानं तपासलेलंच नाही. पुढे गॅलोवे आणि ली या संशोधकांनी किमती तपासल्या, तेव्हा अनुदानाच्या प्रत्येक डॉलरमागे भाव सरासरी 67 सेंटच उतरलेले दिसले, आणि गावात एकच दुकान असेल तिथे त्याहून कमी. आम्ही दुकानांच्या हिशेबाची बाजू जाणतो. बाकीचे 33 सेंट सगळेच्या सगळे नफा नसतात. पण ते नेमके कुठे जातात हे बाहेरच्या माणसाला कळेल असा हिशेब प्रसिद्ध होत नाही, आणि हे चुकीचं आहे. सार्वजनिक पैसा आहे, दुकानागणिक खरेदी, भाडं, नासाडी, नफा असा तक्ता छापायला हवा.

2017-18 च्या सरकारी पाहणीत नुनावुतमधली 57 टक्के घरं अन्नाच्या बाबतीत असुरक्षित होती. योजना तेव्हा सहा-सात वर्षं चालू होती.

उत्तर कॅनडा म्हणजे फक्त नुनावुत नव्हे. ऑन्टॅरिओ आणि मॅनिटोबाच्या उत्तरेत बर्फाचे हिवाळी रस्ते आहेत. बर्फ पुरेसा जाड नसेल तर टँकर अर्धा भरून न्यावा लागतो, फेऱ्या दुप्पट होतात. फेब्रुवारी 2024 मध्ये हे रस्ते वेळेवर धरले नाहीत, तेव्हा उत्तर ऑन्टॅरिओतल्या निश्नॉबे अस्की नेशन या मूळ रहिवाशांच्या संघाच्या प्रमुखांनी आणीबाणी जाहीर केली. त्याच वर्षी नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधल्या मॅकेंझी नदीचं पाणी इतकं उतरलं की नॉर्मन वेल्सला बार्जच गेली नाही. तुमचं मंडळ टोरांटो किंवा विनिपेगचं असेल, तर नुनावुतपेक्षा ऑन्टॅरिओ-मॅनिटोबातली ही गावं तुम्हाला जवळची आहेत, आणि तिथली मुदत सीलिफ्टची नाही, फेब्रुवारी-मार्चची आहे.

आता आपण काय करावं ते सांगतो.

मोहीम संक्रांतीच्या कार्यक्रमाला घ्या. तिळगूळ वाटताना पेटी फिरवा, पण धान्याची नको, पैशाची. दक्षिणेत किरकोळीनं घेतलेल्या पिठाच्या पिशव्या गोळा करून, पॅक करून, मॉन्ट्रियलपर्यंत ट्रकनं पाठवण्यापेक्षा सीलिफ्टच्या ऑर्डरी घेणारा पुरवठादार घाऊक भावात माल घेऊन खोका स्वतः बांधून देतो. खोका घरी बांधायचा हट्ट असेल तर तळाला फोर्कलिफ्टचे दात जातील एवढी जागा सोडून लाकडाच्या पट्ट्या ठोका, आत जाड प्लास्टिक लावा, आणि चारही बाजूंना व वर गावाचं आणि घेणाऱ्याचं नाव न पुसणाऱ्या शाईनं लिहा. यादीची एक प्रत आत, एक बाहेर पाकिटात, एक तुमच्याकडे. किनाऱ्यावर खोका ताब्यात घेताना फुटका दिसला तर तिथेच कागदावर लिहून घ्यायला सांगा, नंतर भरपाई मिळवणं कठीण जातं.

काय पाठवायचं हे मात्र आपण ठरवायचं नाही. फेब्रुवारीत गावच्या संस्थेला फोन करून विचारा: इकालुइतमध्ये कजुक्तुर्विक हे सामुदायिक अन्न केंद्र आहे, इतर गावांत हॅम्लेट ऑफिस म्हणजे गावचं सरकारी कार्यालय, शाळा, किंवा शिकाऱ्यांची संघटना. आपल्याला तूरडाळ आणि पोहे पाठवावेसे वाटतात. डाळ चांगलीच आहे, पण जिथे कुकर नाही आणि पाणी ट्रकनं टाकीत येतं, तिथे ती शिजवायला किती इंधन आणि पाणी लागतं याचा विचार करा. साधारणपणे मागणी येते ती मैदा, बेकिंग पावडर, लार्ड (डुकराची चरबी), ओट्स, चहा, साखर, दुधाची पावडर, कडक बिस्किटं, बाळाचं दूध आणि डायपर यांची. मैद्यापासून तिथे बॅनक करतात, आपल्या जाड भाकरीच्या जवळ जाणारा पदार्थ. गव्हाचं कोंड्यासकट पीठ पाठवू नका, त्यातलं तेल काही महिन्यांत खवट होतं. मैदा वर्षभर टिकतो. बेकिंग पावडर आणि बाळाचं दूध यांच्या तारखा पुढच्या उन्हाळ्यापर्यंतच्या हव्यात. काचेची बरणी नको. जुने कपडे तर अजिबात नकोत, ते निवडायला आणि फेकायला गावालाच खर्च येतो.

पैसे हातात असतील तर आमचा पहिला सल्ला किराणा नव्हे, शिकारीला मदत हा आहे. शाकाहारी सभासदांना हे जड जाईल, त्यांच्या भावनेचा आम्हाला आदर आहे. तरीही नीट समजून घ्या. सील, कॅरिबू हे रेनडिअर, 'आर्क्टिक चार' नावाचा मासा हे तिथलं घरचं अन्न, लोहानं भरलेलं, विमानाविना मिळणारं, आणि गावात वाटून खाल्लं जाणारं. शिकारी पूर्वी सीलचं कातडं विकून पुढच्या फेरीचं इंधन घ्यायचा. 1983 मध्ये युरोपनं सीलच्या पिल्लांच्या कातड्यावर बंदी घातली. इनुइटांची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची, शिकार त्यात येत नव्हती, पण सगळा बाजारच कोसळला. 2009 च्या बंदीत इनुइटांना सूट लिहून दिली, तोवर गिऱ्हाईक उरलं नव्हतं. मांस अजूनही मिळतं, पण तिथवर जायला पैसा लागतो: स्नोमोबाईल, पेट्रोल, टू-स्ट्रोक ऑइल, गोळ्या, तंबूतल्या स्टोव्हचं इंधन. थंडीत रबर ताठर होतं आणि स्नोमोबाईलचा पट्टा तुटतो. सुटा पट्टा आणि स्पार्क प्लग जवळ नसले तर गावापासून ऐंशी किलोमीटरवर माणूस अडकतो, मग शोधपथक निघतं. एका सुट्या पट्ट्यावर, एका पेट्रोलच्या पिंपावर कित्येक घरांचं मांस अवलंबून असतं. प्रत्येक गावात शिकाऱ्यांची संघटना आहे, ती इनुइट आणि सरकार यांच्यातल्या नुनावुत कराराप्रमाणे चालते. पैसे तिला द्या, वस्तू आपण घेऊ नका, बंदुकीच्या गोळ्या तर नाहीच.

"एवढी अडचण आहे तर लोक दक्षिणेत का येत नाहीत?" असं आपल्यातही विचारलं जातं. ग्रीस फिऑर्ड आणि रेझोल्यूट इथे लोक आपणहून गेले नव्हते. 1953 मध्ये सरकारनं क्वेबेकच्या उत्तरेतल्या इनुकजुआकहून कुटुंबं जहाजात घालून तिथे नेऊन सोडली. त्याबद्दल सरकारनं 2010 मध्ये माफी मागितली. इतर गावांतही हंगामाप्रमाणे फिरणारी माणसं शाळा, दवाखाना आणि सरकारी मदत यांच्या अटींनी एका जागी आणली गेली. जिथे वसवलं तिथे अन्न पोचवण्याची जबाबदारी वसवणाऱ्याची आहे.

म्हणून देणगीइतकीच खासदाराला पत्र लिहिण्याची विनंती. ओटावाला, हाउस ऑफ कॉमन्सच्या पत्त्यावर खासदाराला पाठवलेल्या पत्राला तिकीट लागत नाही. मागण्या मोजक्या ठेवा. अनुदानाचा एक भाग एप्रिलच्या मध्याआधी थेट घरांच्या हातात, सीलिफ्टची ऑर्डर देता येईल अशा रीतीनं मिळावा. प्रत्येक गावात सामायिक ऊबदार गोदाम बांधावं आणि त्याच्या डिझेलचा खर्च योजनेनंच उचलावा, नाहीतर इमारत उभी राहते आणि दुसऱ्या हिवाळ्यात बंद पडते. दुकानागणिक हिशेब छापावा. आणि 2020 पासून शिकाऱ्यांसाठी जे अनुदान सुरू झालं ते दहा वर्षांसाठी बांधून द्यावं, कारण स्नोमोबाईल एका वर्षाच्या भरवशावर कुणी घेत नाही.

याचिका करायची असेल तर कागदावरची सोपी पडते. 25 वैध सह्या पुरतात, मूळ शाईतल्या, पत्त्यासकट. ऑनलाइन याचिकेला 500 लागतात. सही करायला नागरिकत्व लागत नाही, कॅनडात राहणारा कुणीही करू शकतो, म्हणजे आपल्याकडचे विद्यार्थी आणि वर्क परमिटवरचे लोकही. फोटोकॉपीवरच्या सह्या धरल्या जात नाहीत आणि मागणीचा विषय प्रत्येक पानावर असावा लागतो. खासदारानं ती सभागृहात मांडली की सरकारला 45 दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. संक्रांतीला सह्या झाल्या आणि फेब्रुवारीत याचिका मांडली गेली, तर उत्तर पहिलं जहाज भरायच्या आधी येतं.

खोक्याच्या यादीचा नमुना आणि पुरवठादाराला विचारायचे प्रश्न मराठीत लिहून द्यायला आम्ही तयार आहोत. मात्र गाव कुठलं आणि तिथल्या कुणाशी बोलणं झालं, एवढं आधी ठरवून मगच विचारा.

आपले,
उत्तरेच्या मालवाहतुकीत काम करणारे काही मराठी